ईशान्येचे वाक्य

श्रीमत्-सकल-दिङ्मंडल-निरीक्षिका, खडू-डस्टर-उभयायुध-धारिणी, काळाचौकी-लालबाग-परळ-प्रांतस्थ-बालक-कर्ण-मर्दन-कुशला, शुद्धलेखन-साम्राज्य-चक्रवर्तिनी, प्रत्यक्ष सूर्यनारायणास वर्गबंदी फर्मावणाऱ्या त्रैलोक्यातील एकमेव, इयत्ता चौथी तुकडी ‘ब’च्या अनभिषिक्त सम्राज्ञी, प्रातःस्मरणीय आणि मधल्या सुटीनंतर तर विशेषच स्मरणीय अशा

बाई,

ईशान्य मिळाली.

एवढेच लिहून लेखणी खाली ठेवली असती तरी तुम्हांला सारे कळले असते. परंतु माझा स्वभाव तुम्ही जाणता. दहा ओळींच्या निबंधाला सहा ओळींचे मंगलाचरण करणारा विद्यार्थी, अशी माझी ख्याती तुम्हीच शिक्षकांच्या खोलीपर्यंत पोहोचवली होती. “अरे, मुद्द्यावर ये, शाळा सुटेल,” असे तुम्ही म्हणायचात. आता ती भीती उरलेली नाही. तुमची शाळा केव्हाच सुटली; माझी येत्या मे महिन्यात सेवानिवृत्तीच्या मार्गाने सुटेल. तेव्हा मुद्द्यावर मी माझ्या गतीने येणार आहे, आणि या खेपेस तुम्हांला माझा कान धरता येणार नाही.

तो दिवस मला अजून दिसतो. फळ्यावर तुम्ही आठ टोकांची चांदणी काढली आहे, प्रत्येक टोकाला एका दिशेचे नाव आहे, आणि खाली तुमच्या ठसठशीत अक्षरात आज्ञा आहे : वाक्यात उपयोग करा. आम्ही सगळे माना खाली घालून लिहीत आहोत. तुम्ही वह्या गोळा करता, एक उघडता, दुसरी उघडता, तिसरी उघडता आणि चौथीपाशी थांबून चष्मा काढता. साऱ्या वर्गाने एकमुखाने लिहिले आहे : सूर्य पूर्वेला उगवतो.

“एवढी पोरं आणि एकच सूर्य!” तुम्ही म्हणालात. “अरे, तो रोज उगवतो. तुमच्या वाक्याशिवाय उगवतो. त्याला जरा सुट्टी द्या. आजपासून या वर्गात सूर्य नाही. तुझ्या घरात पूर्वेला काय आहे, ते सांग.”

पहिल्या बाकावरचा एक जण, म्हणजे मीच, घाबरत म्हणाला, “मोरी.”

“कशावरून?”

तो डोके खाजवू लागला. तुम्ही म्हणालात, “मग दाखव.” आणि त्या एका शब्दाने चौथी ‘ब’चे व्याकरण कायमचे बदलले. जे वाक्य नेऊन दाखवता येत नाही, ते वाक्यच नव्हे, असा तुमचा सिद्धान्त झाला. भल्याभल्या नैयायिकांनी प्रमाणांच्या संख्येवरून आयुष्यभर वाद घातले. तुम्ही प्रत्यक्ष हे एकच प्रमाण ठेवून बाकीची कचऱ्याच्या डब्यात टाकलीत. शिवाय तुम्ही नुसत्या म्हणून राहिला नाहीत. दर रविवारी गिरगावातून बस पकडून तुम्ही काळाचौकीला यायचात आणि आमच्या चाळींतून वाक्ये तपासत हिंडायचात. पर्समध्ये कोटाच्या बटणाएवढे एक पितळी होकायंत्र असायचे. कुणाच्या खाटेच्या उत्तरेला पाण्याचे पिंप आहे का, कुणाच्या जिन्याच्या दक्षिणेला पिठाची गिरणी आहे का, हे तुम्ही स्वतः उभ्या राहून पाहायचात. चाळीला प्रथम वाटले, बाई कुणासाठी तरी स्थळ बघत आहेत. तुम्ही आमच्या मोरीत डोकावलात तेव्हा माझी आई पदर खोचत म्हणाली होती, “बाईनु, मोरीत काय बघूचा आसा? बसा. चाय घेतल्याशिवाय जावचा नाय.” तुम्ही स्टुलावर बसलात, तळहातावरची सुई स्थिर होऊ दिलीत, चहाचा घोट घेतलात आणि निकाल दिलात, “मोरी पश्चिमेला आहे. वाक्य चूक. चहा बरोबर.”

आई ती गोष्ट पुढे कित्येक वर्षे सांगत असे. मात्र तिच्या सांगण्यात मोरी नसे, फक्त चहा असे.

पाहता पाहता चांदणीची सात टोके भरली. आठवे भरेना. ईशान्येपाशी सारे प्रकांड पंडित गळपटले. कुणाचे मारुतीचे देऊळ उत्तरेकडे सरके, कुणाचा सार्वजनिक नळ पूर्वेकडे घसरे. तुमचा हट्ट असा, की थोडी ही आणि थोडी ती असली म्हणजे ईशान्य होत नाही. सुई बरोबर मधोमध बसली पाहिजे. ती काही बसेना. ही दिशा काळाचौकीत बांधायचीच राहून गेली असावी, असे आम्ही मानू लागलो. अखेर माझ्या बाकावरचा माझा जोडीदार, ज्याला तुम्ही ‘वर्गाचे ध्वनिक्षेपक’ म्हणत असा, त्याने पुस्तकातून उतरवून आणले : भारताच्या ईशान्येला आसाम आहे.

“मला नेऊन दाखव,” तुम्ही म्हणालात.

“पण बाई, तिकीट कोण काढणार?”

वर्ग हसला, तो बाकावर उभा राहिला, आणि ईशान्य रिकामीच राहिली.

आता माझ्या वाक्याकडे येतो. मला पूर्व आली होती. मोरी बाद झाल्यावर मी दुसरे वाक्य दिले : आमच्या चाळीचा गणपती पूर्वेकडे तोंड करून बसतो. चौकातल्या पत्र्याच्या शेडखाली, वर्षभर आम्ही ज्या दगडी चौथऱ्यावर कॅरम खेळायचो, त्याच चौथऱ्यावर भाद्रपदात मूर्ती बसे. तिचे तोंड गोदीच्या बाजूला असे, आणि गोदी म्हणजे पूर्व, हे चाळीतल्या तान्ह्या मुलालाही ठाऊक होते. तुम्ही गणेशोत्सवातच तपासणीला आलात. मी तुमच्या मागे उभा होतो, म्हणून मला सगळे दिसले. तुमचा हात पर्सकडे गेला, अर्ध्या वाटेत थांबला, वळला, दुसऱ्या हाताला जुळला. देवासमोर होकायंत्र काढायचे तुमच्या मनाला आले नाही. तुम्ही डोळे मिटलेत, नमस्कार केलात, प्रसादाची वाटी घेतलीत. दुसऱ्या दिवशी माझ्या वहीत बरोबरची मोठी खूण होती आणि तिच्याशेजारी लिहिले होते : शाबास.

बाई, माझ्या संपूर्ण विद्यार्थिदशेत मला मिळालेली ती एकमेव शाबासकी. गणिताने मला कधी दिली नाही, भूगोलाने दिली नाही, चित्रकलेने तर माझ्याविरुद्ध तक्रारच नोंदवली. आईने ती वही मजल्यावरच्या प्रत्येक खोलीत फिरवून आणली. मी पुढे डी.एड. केले, मास्तर झालो, फिरून याच शाळेत आलो, ते त्या तीन अक्षरांच्या भांडवलावर, असे मी म्हणालो तर ती अतिशयोक्ती होईल. परंतु फार नाही.

नोकरी लागल्यावर पेढे घेऊन मी गिरगावात तुमच्याकडे आलो होतो. तेव्हा तुम्हांला उठबस जमत नव्हती. स्वयंपाकघरातच खाट टाकलेली होती आणि तुम्ही पडल्या पडल्या सुनेला पोळी भाजण्याविषयी सूचना देत होता. पेढा तुम्ही उशाशी ठेवलात. पगार विचारला नाहीत, वर्ग कोणता मिळाला तेही विचारले नाहीत. “ईशान्य मिळाली का रे?” एवढेच विचारलेत. मी म्हटले, “नाही बाई.” तुम्ही म्हणालात, “शोध. तिथंच कुठं तरी असणार ती.” ती आपली शेवटची भेट.

मी शोधत राहिलो, बाई. वर्षानुवर्षे चौथीच्या फळ्यावर तीच चांदणी काढली, सूर्यावरची बंदी कायम ठेवली, आणि मुलांना ‘दाखव’ म्हणत राहिलो. आता मुले निराळी आहेत. त्यांच्या लेखी पूर्व आणि पश्चिम या रेल्वे स्टेशनाच्या दोन बाजू आहेत. यंदा एकाने मला शांतपणे समजावले, “सर, बोर्डावर फक्त ईस्ट आणि वेस्ट असतं. आपल्याकडे नॉर्थ येत नाही.” मी विचारले, “मग उत्तर कुठे असते?” तो म्हणाला, “गावी.” या उद्गारावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिण्याचा माझा मानस आहे.

याच वर्गात एक मुलगी आहे. तिची एक वेणी घट्ट असते आणि दुसरी सुटलेली. प्रश्न मात्र दोन्हींकडून येतात. ती माझ्या त्या आसामवाल्या जोडीदाराची नात. तो आता आपल्या चाळीच्या गणेश मंडळाचा अध्यक्ष आहे आणि त्याला ध्वनिक्षेपकाची अद्यापि गरज भासत नाही. गेल्या महिन्यात मी वह्या तपासत होतो. तिची वही उघडली आणि माझ्या हातातले लाल पेन जागच्या जागी थांबले. तिने लिहिले होते : आमच्या चाळीचा गणपती ईशान्येकडे तोंड करून बसतो.

माझेच वाक्य, बाई. एक शब्द सोडून सगळे माझे. तिला ते ठाऊक असणे शक्य नव्हते. मी घसा साफ करून म्हटले, “बाळ, पूर्वेकडे.”

“नाही सर. दाखवते.”

“कशावरून?”

“सर, सकाळच्या आरतीला ऊन येतं ना, ते बाप्पाच्या उजव्या कानावर येतं. डावा कान काळोखात असतो. मी दर वर्षी बघते. पूर्वेला तोंड असतं, तर ऊन नाकावर आलं असतं.”

“सोंडेवर,” मागून कुणीतरी दुरुस्ती केली.

मग मी वर्गातच गणपती झालो. देहयष्टीच्या दृष्टीने त्यात मला फारसे कष्ट पडले नाहीत. एका मुलाला सूर्य करून खिडकीपाशी उभे केले आणि त्याची किरणे माझ्या उजव्या कानावर येईतो मी जागच्या जागी वळत गेलो. पूर्व माझ्या उजवीकडे सरकली आणि माझे नाक उत्तरेच्या दिशेने निघाले. वर्ग हसत होता. मी हसत नव्हतो. माझ्या मनात तुमच्या त्या बरोबरच्या खुणेचा पाय लटपटू लागला होता.

एरवी हे प्रकरण वहीतच मिटले असते. परंतु चाळ आता पाडायची आहे. तिच्या जागी मनोरा उभा राहणार, तळमजल्यावर मंडळाला सभागृह मिळणार आणि त्यात मूर्तीसाठी कायमचा दगडी चौथरा बांधणार. वास्तुरचनाकाराने विचारले होते, गणपतीचे तोंड कोणत्या दिशेला असते ते लिहून द्या, तसाच चौथरा काढतो. अध्यक्षमहाराजांनी नकाशावर ‘पूर्व’ असे भरले होते, आणि रविवारच्या सभेत त्यावर सह्या व्हायच्या होत्या. एकदा दगड बसला की संपले. गिरणीचे भोंगे ऐकत जो देव पिढ्यान्‌पिढ्या एका बाजूला पाहत बसला, तो एका शब्दापायी यापुढे भलत्याच बाजूला पाहत बसणार. नातीने घरी हे सांगितले. आजोबांनी तिला फर्मावले, “खोड ते वाक्य.” तिने खोडले नाही. दुसऱ्या दिवशी आजोबा शाळेत प्रकट झाले.

“काय रे मास्तर,” दारातूनच गर्जना झाली, “माझ्या नातीला काय शिकवतोस? आमचा बाप्पा फिरवलास म्हणे!”

“मी कशाला फिरवू? तो आहे तसाच बसला आहे.”

“अरे, बापजाद्यांपासून पूर्वेला बसतोय! आणि हे लिहिलं कुणी? तूच! मला बाकावर उभं केलं आणि तुला शाबास! मी अजून विसरलेलो नाय ते.” मग तो एकदम आवाज खाली आणून, जवळ येऊन म्हणाला, “बाईंनी खूण केलीय त्याच्यावर. आता तूच सांग मला. बाई चुकल्या?”

ती मुलगी वही छातीशी धरून माझ्याकडे पाहत होती. मला लपायला एकही संस्कृत समास सापडेना, हे मी तुम्हांला सांगून ठेवतो. एका बाजूला तुमची लाल अक्षरे, दुसऱ्या बाजूला एक उजवा कान. तिला मी त्या क्षणी ‘पूर्व लिही’ म्हणालो असतो, तर ती पुढच्या खेपेस कानाकडे पाहणार नव्हती. सरांकडे पाहणार होती.

“दाखवू,” मी म्हटले. “रविवारी, चौकात. सगळ्यांसमोर.”

“मोबाईल काढायचा नाय हां. त्या पत्र्याखाली त्याचा काटा येड्यासारखा फिरतो. आणि माझा मोबाईलवर विश्वासच नाय.”

“मोबाईल नको. सूर्य आणतो.”

होय, बाई. ज्याला तुम्ही वर्गातून हद्दपार केले होते, त्याला मी सन्मानपूर्वक साक्षीदार म्हणून परत बोलावले. आपल्या प्राचीन ज्योतिर्विदांनी दिक्‌साधनासाठी शंकुच्छायेचा जो विधी सांगितला आहे, तो माझ्या विद्यार्थ्यांनी रविवारी सकाळी चाळीच्या चौकात सिद्ध केला. शास्त्रात शंकू हस्तिदंताचा किंवा उत्तम लाकडाचा सांगितला आहे. आम्ही क्रिकेटचा स्टंप घेतला आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून त्यात उभा केला. दोरीच्या टोकाला खडू बांधून त्या मुलीने त्याच्याभोवती फरशीवर मोठे वर्तुळ काढले. सकाळी सावलीचे टोक आत येताना वर्तुळाला जिथे टेकले, तिथे एक फुली. दुपार टळल्यावर तेच टोक बाहेर जाताना जिथे टेकेल, तिथे दुसरी. दोन फुल्या जोडल्या की पश्चिम-पूर्व रेषा. यात मतभेदाला जागाच नाही, कारण सूर्य कोणत्याच मंडळाचा सभासद नाही.

पहिल्या आणि दुसऱ्या फुलीच्या मधला तो काळ मात्र सभेला फार जड गेला. गॅलऱ्या भरल्या होत्या. कुणी विचारले, “काय गो, क्रिकेट आसा की पूजा?” दुसऱ्या मजल्यावरून एक म्हातारी तांदूळ निवडत म्हणाली, “सावलेक काय मोजतास? सावली कोणाची झाली हा?” हे वचन एखाद्या उपनिषदात सहज खपले असते. अध्यक्षमहाराज प्लास्टिकच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसले होते आणि ऊन आले की खुर्चीसकट सरकत होते. असे सरकता सरकता ते उठून उभे राहिले, तोच नात ओरडली, “आजोबा, पाय काढा! तुम्ही पश्चिमेवर उभे आहात!”

चौक खदखदून हसला. अध्यक्षांनी पाय काढला. फुली पुसली नव्हती.

दुपारी दुसरी फुली पडली. मुलांनी रेषा मारली. कंपासपेटीतला गुण्या लावून तिच्यावर उत्तरेची रेषा उभी केली. मग चौथऱ्याच्या मधोमध एक दोरी धरून ती समोर, देव जिथे पाहतो तिकडे, थेट ताणत आणली. चाळीत इतकी शांतता मी फक्त वीज गेल्यावर अनुभवली आहे. तीही क्षणभरच. दोरी उत्तरेला टेकली नाही. पूर्वेलाही टेकली नाही. दोघींच्या मधल्या काटकोनात ती शिरली, आणि त्या मुलीने दुसरा गुण्या, काटकोनाच्या निम्म्याचा, कोपऱ्यात ठेवला, तर त्याची तिरकी कड आणि दोरी एकमेकींवर पडल्या. थोडी ही नाही, थोडी ती नाही. मधोमध.

“ईशान्य,” ती म्हणाली. ओरडली नाही. आजोबांकडे पाहून नुसती म्हणाली.

अध्यक्षमहाराज खाली बसले. स्वतः फरशीवर मांडी घालून त्यांनी गुण्या उचलला, उलटा केला, पुन्हा ठेवला. दोरी तिथेच होती. कार्यकारिणीतल्या एकाने दबक्या आवाजात विचारले, “इतकी वर्षं चुकीच्या दिशेला बसवला म्हणजे... काही वाईट तर नाही ना?” चौकात कुजबुज सुरू झाली. हा क्षण हातचा गेला, तर नकाशावर ‘पूर्व’च राहणार, हे मी ओळखले आणि पुढे सरसावलो. मी म्हणालो, “सद्‌गृहस्थहो, दिक्पालव्यवस्थेचा विचार करता, ईशान्य ही ईशानाधिष्ठित दिशा असून, ईशान ही संज्ञा साक्षात् उमावल्लभ, कैलासाधिपती...”

“अरे, काय बोलतोस ते मराठीत बोल!” अध्यक्ष खालूनच खेकसले. “ईशान म्हणजे कोण?”

“शंकर.”

“म्हणजे गणपतीचे वडील?”

“तेच.”

त्याने एकदा चौथऱ्याकडे पाहिले, एकदा दोरीकडे, आणि बाई, तुम्ही ज्याला बाकावर उभे करायचात, तो मनुष्य फरशीवरून असा उठला, जणू त्याच्यात विजेची तार सोडली आहे. “अरे, मग सरळ सांग ना! आपला बाप्पा आपल्या बापाकडे बघत बसलाय! त्याला फिरवायची कुणाची टाप आहे?” आणि त्याने ती नैसर्गिक ध्वनिक्षेपणशक्ती पूर्ण मोकळी सोडून ललकारी दिली, “गणपती बाप्पा!” तिन्ही मजल्यांवरून जो ‘मोरया’ आला, त्याने पत्र्यावरची कबुतरे उडाली. नकाशा मागवण्यात आला. त्याने ‘पूर्व’ हा शब्द आडवी रेघ मारून खोडला, पेन नातीच्या हातात दिले आणि म्हणाला, “तू लिही. तुझं वाक्य आहे.” तिने लिहिले. खाली त्याने सही केली, मग बाकीच्यांनी. संध्याकाळपर्यंत तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता की, वाडवडिलांनी हे मुद्दामच असे ठेवले होते आणि त्याला पहिल्यापासून संशय होताच.

सगळे पांगल्यावर तो माझ्याजवळ आला. खडूची रेषा पायाने पुसू की नको, अशा बेताने उभा राहिला.

“बाईंचं काय करायचं रे?”

“काय करायचं?”

“त्यांनी तर बरोबर म्हटलेलं.”

मी त्याला सांगितले की, बाईंनी त्या दिवशी डोळे मिटून तपासले होते. होकायंत्र काढलेच नव्हते. मी मागे उभा राहून पाहिले होते. “मग ती तपासणी नाय,” तो म्हणाला. “तो नमस्कार. नमस्काराला चूक-बरोबर नसतं.” आणि थोड्या वेळाने, “म्हणजे माझं आसाम पण बरोबर होतं.”

“नेऊन दाखव.”

“अजून तिकीटच बघतोय,” तो म्हणाला, आणि आम्ही दोघे, साठीला टेकलेले दोन पुरुष, त्या चौकात इतके हसलो की म्हातारीने वरून विचारले, “काय झाला रे झिलांनु?”

सोमवारी मी फळ्यावर चांदणी काढली आणि आठव्या टोकाशी तिचे वाक्य लिहिले. बरोबरची खूण केली. तिने उभे राहून विचारले, “सर, शाबास नाही लिहिणार?” मी लिहिले. आठही दिशा भरलेली चांदणी मी प्रथमच पाहत होतो. फळा पुसायला मी दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही. गणिताच्या बाईंनी तक्रार केली. तिचा मी यथोचित अनादर केला.

तर विजय असो, बाई. तुम्ही म्हणाला होतात, ती तिथेच कुठेतरी असणार. होती. तुम्ही तिच्याकडे तोंड करून बसलेल्या देवासमोर उभ्या होतात. तुमच्या पाठीमागे होती ती, हाकेच्या अंतरावर, आणि मी तिच्या आणि तुमच्या मध्ये उभा होतो. जी एका पर्सच्या बंदामुळे हुकली, ती एका वेणीने पकडली, आणि आता ती दगडात बसेल. वर्गाचा निकाल मी माझ्या अधिकारात शंभर टक्के जाहीर करतो, तुमच्या वेळच्या चौथी ‘ब’सह.

पत्र पाठवणार नाही. तुम्ही गेलात तिथला पत्ता नाही, हे कारण सर्वांना पटेल असे आहे. म्हणून ते मी सर्वांना सांगेन. तुम्हांला खरे सांगतो. जूनपासून माझ्या वर्गावर एक तरुण शिक्षिका येणार आहे. हुशार आहे, मुले तिच्याकडे आताच धावतात. तिने दोनदा विचारले, सर, तुमची ती दिशा शिकवायची पद्धत मला सांगा ना. दोन्ही वेळा मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हटले, उद्या. सांगेन, बाई. जायच्या आधी नक्की सांगेन. पण मे महिन्यापर्यंत ती पद्धत माझ्याजवळच राहावी, असे मला वाटते, आणि हे तुमच्यासमोर लिहून झाल्यावर पाकिटात घालण्याचे धैर्य माझ्यात नाही.

आता एक व्यावहारिक अडचण. मंडळाने माघी गणेशजयंतीला माझा सत्कार केला आणि मला एक सन्मानचिन्ह दिले. ते पारदर्शक प्लास्टिकचे असून आकाराने लहान मुलाएवढे आहे. आमच्या घरात ते कुठेच मावत नाही. कपाटात उभे राहत नाही, आडवे ठेवले तर दार लागत नाही. अखेर फ्रिजवर ठेवले. तेव्हापासून फ्रिजचे यंत्र सुरू झाले की ते थरथरू लागते आणि भिंतीवर आपटून टकटक वाजते. खाली कापडाची घडी घातली, पुठ्ठा घातला, उपयोग नाही. पत्नी म्हणते, शाळेत नेऊन ठेवा. मुख्याध्यापिका म्हणतात, शाळेत जागा नाही. अध्यक्ष म्हणतो, एकदा दिलेला मान मंडळ परत घेत नाही, तू फ्रिज सरकव. फ्रिज सरकवायचा तर स्वयंपाकघराचे दार अर्धेच उघडते, आणि त्या अर्ध्या दारातून मी जात नाही.